न कळण्याची सोय

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. उभं आयुष्य त्यांनी लोकांच्या कमरा मोजल्या आणि मशीनवर पाय मारत संसार ओढला. मग बायको गेली, दुकानाची जागा जागामालकाने परत मागितली, आणि एकुलता एक मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, आता तिथे कोणासाठी राहताय? इकडे या."

मुलगा परमुलखात लिफ्ट बसवायच्या आणि दुरुस्त करायच्या कामावर होता. तिथली भाषा पोर्तुगीज. लग्नही त्याने तिथल्याच मुलीशी केलं होतं. मास्तरांनी सुनेला फोटोत पाहिलं होतं. प्रत्यक्ष पाहिलं ते विमानतळावर. उंच, हसरी, केस मानेपर्यंत कापलेले. ती शहरातली बस चालवायची, आणि ड्यूटीवरून तशीच वर्दीत त्यांना घ्यायला आली होती. मास्तरांनी सवयीने आधी वर्दी पाहिली, मग चेहरा. खांद्याची शिवण भलतीकडेच गेली होती. चेहऱ्यात मात्र खोट काढायला जागा नव्हती.

गाडीत बसल्या बसल्या मुलाने त्यांना पहिलं वाक्य शिकवलं. "कोणी काही विचारलं आणि कळलं नाही, तर म्हणायचं, नांव एंतेंदी. म्हणजे, मला समजलं नाही. आणि हसायचं. बास."

"नांव एंतेंदी," मास्तर म्हणाले. "आणि आडनाव काय सांगायचं?"

मुलगा इतका हसला की सुनेने त्याला काय झालं म्हणून विचारलं. त्याने फोड करून सांगितल्यावर तीही स्टिअरिंगवर थाप मारून हसली. त्या दिवसापासून तिच्या लेखी ते एंतेंदीसाहेब झाले. नवऱ्याचं ऐकून ती त्यांना 'बाबा'ही म्हणायची, पण लाडात आली की एंतेंदीसाहेब.

पहिले काही महिने ते वाक्य त्यांनी इमानदारीने वापरलं. खरंच काही कळत नव्हतं. शेजारीण जिन्यात काहीतरी विचारायची, नांव एंतेंदी. पोस्टमन पार्सल पुढे करून काहीतरी म्हणायचा, नांव एंतेंदी. दोघं कामावर गेली की घर खायला उठायचं. शेवटी कोपऱ्यावरच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मुलाने शब्द टाकला, आणि मास्तर तिथे मागच्या टेबलावर कपडे अल्टर करायला बसू लागले.

दुकानाची मालकीण तोंडाची फटकळ पण हाताची मोकळी होती. पहिल्या आठवड्यातच तिने मास्तरांना धारेवर धरलं. हातवारे करून, कपड्यांवर बोटं ठेवून तिने जे समजावलं त्याचा अर्थ त्यांना पुष्कळ उशिरा नीट लागला, तो असा: "हे काय सारखं नांव एंतेंदी? नाही समजलं म्हणून माणूस गप्प बसला की समोरच्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं होतं. नाही समजलं म्हण, आणि लगेच म्हण, परत सांगाल का? सावकाश सांगाल का? मग गिऱ्हाईक थांबतं."

तिने ती दोन्ही वाक्यं त्यांच्याकडून घोकून घेतली. पोदि रेपेतीर. माइस देव्हागार. आणि गंमत म्हणजे गिऱ्हाईक खरंच थांबायचं. परत सांगायचं, सावकाश सांगायचं, कमरेला हात लावून दाखवायचं. शिवाय धंद्यातले कितीतरी शब्द मास्तरांच्या ओळखीचे निघाले. फितीला फीता, चावीला शावी, साबणाला सबांव, बादलीला बाल्दी. शर्टाच्या काजाला मालकीण 'काझा' म्हणायची, आणि राहत्या घरालाही काझाच. बटणाचं घर ते काज, हे मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा उमगलं. परगावच्या बाजारात आपल्या आळीतली माणसं भेटावीत तसं त्यांना झालं. वर्ष सरता सरता ते गिऱ्हाइकांशी थट्टा करू लागले. व्याकरणाची पार वाट लावलेली, पण बोलणं धडाधड.

घरात मात्र त्यांनी याचा पत्ता लागू दिला नाही.

सुरुवात झाली ती निव्वळ गमतीने. मुलगा दोघांमध्ये दुभाष्या होता, आणि भाषांतर करताना पोरगा साखर फार घालायचा. एकदा सून वैतागून म्हणाली, "तुझे बाबा सकाळी बाथरूममध्ये इतका वेळ करतात तरी काय? मला रोज उशीर होतो." मुलगा मास्तरांकडे वळून म्हणाला, "बाबा, ती विचारतेय, पाणी नीट गरम येतं ना?" मास्तर म्हणाले, "हो, येतं की." दुसऱ्या दिवसापासून ते अर्धा तास आधी उठून आंघोळ उरकू लागले. सून खूश, आणि मुलगा बुचकळ्यात. मास्तर मनातल्या मनात हसले.

पण गंमत हळूहळू सोय झाली. दोघांची भांडणं त्यांच्या देखत व्हायची. नवराबायकोची व्हायची तशीच, ओल्या टॉवेलापासून सुरू होऊन एकमेकांच्या आईबापांपर्यंत जाणारी. मास्तर समोर बसून वाटाणे सोलत राहायचे. आपल्याला कळतं हे त्यांना कळलं, तर बिचारी कुजबुजत भांडतील, असं ते स्वतःला सांगायचे. खरी गोष्ट वेगळी होती. ज्याला कळत नाही त्याला कोणी पंच नेमत नाही. त्याला कोणी विचारत नाही, सांगा बाबा, चूक कोणाची? आयुष्यभर नात्यागोत्यातली लफडी निस्तरून ते दमले होते. हे आयतं मिळालेलं बहिरेपण त्यांना फार मानवलं.

मुलगा कामासाठी दुसऱ्या शहरांत जायचा, चार चार दिवस यायचा नाही. मास्तरांची खोली लहानशी, फिकट पिवळ्या रंगाची होती. तिथेच खिडकीशी मुलाने त्यांना एक जुनं मशीन घेऊन दिलं होतं. संध्याकाळी ते काही शिवत बसले की सून चहाचा कप घेऊन पलंगाच्या कडेला येऊन बसायची आणि बोलायची. आधी बसमधल्या गमती सांगायची. कोण म्हातारी रोज चुकीच्या थांब्यावर उतरते, कोण माणूस कुत्र्याचंही तिकीट मागतो. मास्तर मशीन चालवत मान हलवायचे, आणि मधेच म्हणायचे, "नांव एंतेंदी." ती हसायची. "मला माहितीये," म्हणायची, आणि पुढे बोलायला लागायची.

तिला तेच हवं होतं, हे मास्तरांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. भिंतीशी बोलावं तसं ती बोलायची. फक्त या भिंतीला दोन मायाळू डोळे होते. पुढे पुढे ती असं बोलू लागली जे माणूस भिंतीशीच बोलतो. आईशी तिचं का पटत नाही. नवऱ्याच्या मऊपणाचा कधी कधी तिला कसा राग येतो. मास्तरांना वाटायचं, आता थांबवावं. पण कसं थांबवणार? इतके दिवस ऐकल्यावर एकाएकी 'मला कळतंय बरं का' म्हणायचं, म्हणजे परक्या घराच्या खिडकीशी कान लावून उभं राहिलेल्याने आतल्यांना हाक मारण्यासारखं होतं. जितके दिवस जात होते तितकं ते अवघड होत होतं.

एके दिवशी ती वर्दीची पँट घेऊन आली आणि कमरेवर दोन बोटं ठेवून ती जराशी लांब केली. म्हणजे, थोडी सैल करा.

मास्तरांनी पँट उलटी केली. मागच्या शिवणीत कापड भरपूर दाबलेलं होतं. शिंपी त्याला माया म्हणतात. अंग वाढेल तसा कपडा वाढावा म्हणून आत राखून ठेवलेली माया. ते शिवण उसवू लागले, आणि ती पलंगावर बसून म्हणाली, "बाबा, एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नाहीये. तुम्हाला सांगते."

तिला दिवस गेले होते. नवऱ्याला तिने सांगितलं नव्हतं. मास्तर यायच्या आधी एकदा राहिलं होतं आणि गेलं होतं. "ही खोली त्याने तेव्हा रंगवली होती," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "मी सांगितलं त्याच संध्याकाळी रंगाचा डबा घेऊन आला. नंतर कितीतरी दिवस तो या खोलीत पाऊल टाकत नव्हता. तुम्ही येणार ठरलं तेव्हा कुठे त्याने दार उघडलं. या वेळी तिसरा महिना उलटला की मगच सांगणार. त्याला पुन्हा तसं रडताना मला बघवणार नाही."

मास्तरांच्या हातातली कात्री थांबली. त्यांना उठून तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. मुलाने यातलं अक्षरही त्यांना कधी सांगितलं नव्हतं. ज्या भिंतींच्या आत ते रोज घोरत होते, त्या भिंती कोणासाठी रंगवल्या होत्या!

"नांव एंतेंदी," ते म्हणाले.

"मला माहितीये," ती म्हणाली, आणि डोळे पुसून हसली.

त्यानंतर मास्तर जमेल तेवढं गुपचूप करू लागले. बाजाराच्या जड पिशव्या तिच्या हातातून काढून घ्यायचे. तिच्या ताटात जास्त वाढायचे. सुनेला वाटायचं, म्हातारा हल्ली फारच प्रेमळ झालाय.

मग ती संध्याकाळ आली. मुलगा बाहेरगावी होता. मास्तर दुकानातून घरी आले तर सून आधीच आलेली, आणि वर्दी न बदलताच त्यांच्या खोलीत पलंगावर बसलेली. चहा नव्हता. चेहरा पांढरा पडला होता. मास्तर खुर्चीवर टेकले तशी ती बोलू लागली. दुपारपासून पोटात दुखत होतं. थोडं अंगावरून जात होतं. "असं थोडं होतं म्हणतात काही जणींना. कदाचित काहीच नसेल. हॉस्पिटलात गेले तर त्याला कळवावं लागेल, तो तिथून सगळं टाकून धावत येईल. आणि काहीच नसलं तर? उद्या सकाळची ड्यूटी आहे. आईला फोन केला तर ती आधी मलाच बोल लावेल." ती थांबली. मग तिने मान वर करून सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "बाबा, काय करू मी? तुम्ही काय केलं असतं?"

हे भिंतीला विचारलेलं नव्हतं. बुडणारा माणूस काठावरच्या दगडालाही हाक मारतो, तसं होतं ते.

मास्तरांकडे सगळे शब्द होते. हॉस्पिटल हा शब्द तर दोन्ही भाषांत जवळजवळ सारखाच. ऊठ, चल, मी येतो, एवढंच म्हणायचं होतं. पण एक शब्द बोलले की मागच्या सगळ्या संध्याकाळी उघड्या पडणार होत्या; तिची आई, तिचा नवरा, ही खोली, सगळं. शिवाय हा असला बाईमाणसाचा विषय. स्वतःच्या बायकोशी बोलताना ज्यांनी 'तब्येत' यापलीकडे शब्द वापरला नव्हता, ते सुनेशी कसे बोलणार? मराठीतही त्यांची जीभ उचलली नसती. त्यांनी घाबरेघुबरे होऊन खाली पाहिलं आणि नेहमीचं तेच तोंडातून निसटलं.

"नांव एंतेंदी."

मग तिने त्यांच्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं, जणू त्यांचीच समजूत घालतेय, आणि उठून आपल्या खोलीत गेली.

करेल आईला फोन, मास्तरांनी मनाशी म्हटलं. बायकांना यातलं कळतं. त्यांनी भात टाकला, तिच्या दाराशी जाऊन वाटीवर चमचा वाजवला. आतून 'नको' आलं. तेवढ्यावर ते मागे फिरले. एवढं जवळ जाऊन.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाचा दुकानात फोन आला. तो गाडीत होता, वाटेतच होता. सुनेला डेपोतून हॉस्पिटलात हलवलं होतं. "पोटाला त्रास झालाय, बाबा," तो म्हणाला. "काळजीचं काही नाही." पोराने इथेही साखर घातली होती. फक्त आवाजात साखर नव्हती.

ती घरी आली. जे जायचं ते गेलं होतं. घरात तीन माणसं, आणि तिघंही एकमेकांपासून दुःख लपवत होती. त्यात मास्तरांची गत सगळ्यात वाईट, कारण दोघांच्या लेखी त्यांना काही माहीतच नव्हतं. ज्याला माहीत नाही त्याने डोळे कशासाठी पुसायचे? एकदा मुलगा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता. त्याला राहवेना. बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून तो हमसून हमसून रडला आणि मराठीत म्हणाला, "काही नाही बाबा, कामाचा ताण आहे. तिने कोणालाच सांगितलं नाही हो. एकटीने सहन केलं. कोणालाच नाही." मास्तर त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तो हात त्यांना चोराचा वाटत होता.

आणि मग सुनेने ती पँट परत आणून दिली. या वेळी ती बसली नाही. कमरेपाशी दोन बोटं धरून ती जवळ आणली, आणि गेली. मास्तरांनी स्वतःचीच टीप उसवली. एक साधी शिवण, पोरसवदा कारागीरसुद्धा बसल्या बैठकीला घालेल अशी. त्यांनी ती तीनदा घातली आणि तीनदा वाकडी गेली.

आता बोलावं, असं त्यांना रोज वाटायचं. रोज सकाळी ते ठरवायचे, आणि रोज संध्याकाळी एक नवं कारण सापडायचं. आता सांगून तिला आणखी दुखवायचं कशाला, हे सगळ्यात सोज्ज्वळ दिसणारं कारण. त्यामागे लपायला भरपूर जागा होती.

शेवटी फोडलं ते दैवाने. दुकानात एक जाडगेलं गिऱ्हाईक हुज्जत घालत होतं. धुतल्यावर पँट आटली म्हणत होतं. मालकीण तापत चालली होती. मास्तर मागून पुढे आले, त्यांनी त्याच्या पोटाला टेप लावली आणि पोर्तुगीजमध्ये म्हणाले, "साहेब, पँट बिचारी होती तशीच आहे. गेल्या वर्षभरात तुमचं सुख वाढलंय. आणा इकडे, सुखाला थोडी जागा करून देतो." गिऱ्हाईक आधी चमकलं, मग पोट हलवत हसलं. मालकीणही हसली. हसत हसत मास्तर वळले, तर दाराशी सून उभी होती. हातात धुवायचा कोट.

मालकीण तिला ओळखून म्हणाली, "ये, ये! तुझा सासरा म्हणजे आमच्या दुकानाचा वकील आहे."

सुनेने विचारलं, "कधीपासून?"

मास्तरांची जीभ इतकी सरावलेली, की तिने आपसूक सुरुवात केली. "नांव एंतें..." आणि तिथेच ती टाळूला चिकटली. सुनेचा चेहरा बघून त्यांना कळलं की याच्याहून वाईट शब्द त्यांना कुठल्याही भाषेत सापडला नसता.

"पँटच्या आधीपासून," ते म्हणाले.

तिने कोट काउंटरवर ठेवला नाही. छातीशी धरून तशीच निघून गेली.

घरी तिने नवऱ्याला काही सांगितलं नाही. मास्तरांसमोर मात्र तिचं बोलणं बंद झालं. नवऱ्याशी काही बोलायचं असलं की त्याला आत बोलावून घ्यायची. एकदा दोघंच असताना मास्तर तिच्यासमोर उभे राहिले आणि पोर्तुगीजमध्ये म्हणाले, "मला माफ कर." ती भांडी पुसत होती. मान न वळवता, एक एक अक्षर सुटं करून ती म्हणाली, "नांव एंतेंदी." त्यांनी परत सांगितलं, जरा सावकाश. तिने फडकं दोरीवर टाकलं. "नांव एंतेंदी." आणि निघून गेली. दार तोंडावर लागणं म्हणजे काय, ते मास्तरांना त्या दिवशी कळलं.

पुढच्या आठवड्यात ते मालकिणीला सांगून दुपारीच निघाले आणि सुनेच्या बसमध्ये चढले. तिने त्यांना आरशात पाहिलं. ते तिच्या बरोबर मागच्या सीटवर बसले. चालकाशी बोलू नये, अशी पाटी समोर होती. ती त्यांना वाचता येत होती. एकेक थांबा गेला, माणसं उतरली, आणि शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली. तिने इंजिन बंद केलं.

"शेवटचा थांबा," ती म्हणाली. "उतरा."

"उतरतो. आधी ऐक," मास्तर म्हणाले. "माझी भाषा दुकानातली. कंबर, बाही, सैल, घट्ट. हे बोलायला मला शब्द पुरायचे नाहीत."

ती गर्रकन वळली. "त्या दिवशी किती शब्द लागणार होते? 'चल.' एवढा एकच. तोही येत नव्हता?"

"येत होता."

"मग?"

"लाज वाटली. आणि भीती. तू इतके दिवस मला सांगत होतीस, आणि मी ऐकत होतो. ते तुला कळेल म्हणून भ्यालो. तुझ्यापेक्षा मला माझी अब्रू मोठी वाटली." हे शेवटचं वाक्य त्यांना जमेना. अब्रूला काय म्हणतात ते आठवेना, म्हणून त्यांनी 'माझा चेहरा' असं काहीतरी म्हटलं. तिला कळलं.

ती परत समोर वळली आणि तिने स्टिअरिंगवर हात ठेवले. मग म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवशी आले असते तरी काही वेगळं झालं नसतं. ते व्हायचंच होतं."

मास्तरांच्या छातीवरचा दगड क्षणभर हलला. तिने ते पाहिलं असावं.

"पण डेपोच्या संडासात मी एकटी नसते," ती म्हणाली. "आदल्या दिवशीच दवाखान्यात असते. कोणीतरी बाहेर बसलेलं असतं. तुम्ही बसलेले असता."

दगड होता तिथे परत बसला, आणि मास्तरांना कळलं की आता तो तिथेच राहायचा. त्यांनी पुन्हा माफी मागितली नाही. मागायला तोंडच नव्हतं.

"त्याला सांगणार?" त्यांनी विचारलं.

"मी त्याच्यापासून लपवलं, ते माझं मी निस्तरलं. हे तुमचं आहे. तुम्ही सांगा."

बाहेर माणसं जमायला लागली होती. तिने दार उघडलं. मास्तर उतरले नाहीत. तिनेही पुन्हा उतरा म्हटलं नाही.

त्याच संध्याकाळी जेवताना मास्तर पोर्तुगीजमध्ये बोलू लागले. पहिल्या वाक्याला मुलगा खदखदून हसला. "अरे वा! बाबा, हे कधी शिकलात?" दुसऱ्या वाक्याला त्याचं हसू विरलं. मास्तर थांबले नाहीत. थांबले असते तर पुन्हा सुरुवात झाली नसती. सगळं सांगून झाल्यावर मुलगा मराठीत म्हणाला, "मी तुम्हाला पोटाचा त्रास म्हणून सांगितलं, आणि तुम्ही मान हलवलीत."

"हो."

"मी तुमच्या खांद्यावर रडलो, तिने कोणालाच सांगितलं नाही म्हणून."

"हो रे."

मुलगा ताट घेऊन उठला आणि नळाखाली धरून धूत राहिला. ताट केव्हाच स्वच्छ झालं होतं. सून म्हणाली, "पुरे," तेव्हा त्याने नळ बंद केला.

त्यानंतर किती तरी दिवस तो बापाशी मराठीत बोलला नाही. बोलायचा तो पोर्तुगीजमध्ये. नेमकं, अदबीचं, लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसाशी बोलावं तसं. 'आता कळतंच ना तुम्हाला' हे तो म्हणायचा नाही, पण मास्तरांना ते दर वाक्यात ऐकू यायचं. ते खाली मान घालून उत्तरं द्यायचे. त्यांनी परत जाण्याची गोष्टही काढली, त्यावर सून फक्त म्हणाली, "पळून जायला सोपं आहे." मग तो विषय निघाला नाही. पुढे एका रविवारी मुलगा स्वयंपाकघरातलं कपाट बसवत होता. मास्तर खालून फळी धरून उभे होते. हातोडी बोटावर बसली तसा तो कळवळून ओरडला, "आई गं! बाबा, धरा ना नीट!" दोघंही क्षणभर थबकले. मास्तरांनी फळी नीट धरली.

सून मात्र पिवळ्या खोलीत बोलायला पुन्हा कधी आली नाही. तिचं वागणं सुधारलं, चहा मिळू लागला, पण तो टेबलावर ठेवलेला असायचा. मास्तरांनी ते आपल्या वाट्याचं म्हणून घेतलं.

थंडी सरत आली तेव्हा त्या प्रसंगानंतरच्या तिच्या तपासणीची तारीख होती. मुलाला नेमकं बाहेरगावी जावं लागलं. मास्तर दुकानात जायला पायात बूट चढवत होते. सून दारात पर्स घेऊन उभी राहिली, चाव्या चाचपल्या, आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "येता का?"

मास्तरांनी बुटाची नाडीसुद्धा बांधली नाही.

दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये बाक होते. तिने कोट आणि पर्स त्यांच्या मांडीवर ठेवली आणि आत गेली. थोड्या वेळाने नर्सने दार किलकिलं करून विचारलं, "यांच्यासोबत कोण आहे?" मास्तर ताडकन उठले. "मी. सासरा." नर्स म्हणाली, बसा, अजून जरा वेळ लागेल. ते बसले. कोटाच्या आतलं अस्तर एका जागी सुटलं होतं. सुई खिशात होती, पण त्यांनी ती काढली नाही. दाराकडे बघत बसले.

सगळं ठीक होतं. परत जाताना ती खिडकीशी बसली, ते शेजारी. बस तिच्याच एका सहकाऱ्याची होती. तिने माफ केलं की नाही हे विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, आणि त्यांनी ते गिळलं. वळणावर बसला गचका बसला, उभी माणसं पुढे झुकली.

"ब्रेक उशिरा लावतो हा," ती म्हणाली. "नेहमीच."

"हो," मास्तर म्हणाले. "तुझ्या गाडीत असं होत नाही."

पुढच्या थांब्यावर एक बाई चढली, तिला जागा द्यायला मास्तर उठले, आणि उरलेला रस्ता सुनेच्या सीटचा दांडा धरून उभे राहिले.